सिस्टर उभ्या राहायच्या ती जागा

आमच्या माले गावात अजून सिस्टरचा विषय निघाला की बाया आवाज खाली आणतात. "ती व्हय, पाण्याकडची बाई," म्हणतात आणि पुढचं बोलत नाहीत. मला याचा राग येतो. मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. बी.कॉम., फर्स्ट क्लास. आजोबांचा कागदाशी संबंध अंगठा उठवण्यापुरता, आणि आबा, म्हणजे माझे वडील, तिसरी करून शेरडांमागं गेले. तेव्हा भुताखेतांच्या गप्पा माझ्या तोंडी शोभत नाहीत. सिस्टर माणूस होत्या. मधुमेहाच्या गोळ्या खाणाऱ्या आणि तरीही वरणात गूळ घालणाऱ्या. हे कुणीतरी लिहून ठेवावं म्हणून लिहिते. जे मला कळलं नाही तेही लिहीन. ते गाळलं तर बाकीचंही खोटं होईल.

त्या वर्षी भादव्यात आबा एका करडामागं कड्यावरून घसरले आणि उजव्या खांद्यावर आपटले. पौडच्या डॉक्टरांनी फोटो काढला, हाड शाबूत होतं. "हात हलवत राहा," म्हणाले. आबांनी घरी येऊन हात मफलरनं छातीशी बांधला आणि दिवाळीपर्यंत सोडला नाही. सोडला तेव्हा तो छातीच्या वर जाईना. श्वासही वरच्या वर घ्यायचे, भीत भीत. शेरडांमागं काठी फिरवायची, करडू उचलायचं, कड्यावर हात घालून चढायचं, सगळं त्या उजव्या हाताचं काम. एक दिवस जेवताना डाव्या हातानं घास घेत म्हणाले, "पाडव्यापातूर हात न्हाई आला तर शेरडं काढायची. भरे गावचा यापारी येतोय." आई ताटावरनं उठून गेली. शेरडं गेल्यावर आबा ओट्यावर बसून किती दिवस काढतील, हे आम्हा दोघींना कळत होतं.

तोवर शेरडं आणि त्यांच्यातली थोडी मेंढरं मी न्यायची. पिरंगुटच्या एका कारखान्यात स्टोअरला होते, माझी दुपारची पाळी असायची. सकाळी शेरडं, दुपारी कंपनीची बस. बसमध्ये मैत्रिणी नाक धरायच्या, मी खिडकी उघडायची.

थंडीत आमच्याकडं धरणाच्या पाण्यावरून धुकं चढतं आणि ऊन येईपर्यंत दहा पावलांपुढचं दिसत नाही. एका सकाळी मी गळ्यात घंटी बांधलेल्या शेळीच्या आवाजावर चालत होते. पाण्याच्या वर एक सपाटीचा तुकडा आहे, तिथं आल्यावर कळप मधोमध फुटला. अर्धी जनावरं डावीकडून, अर्धी उजवीकडून, आणि पुढं जाऊन परत एक. शेरडं अशी खांबाभोवती फुटतात, पण तिथं खांब नव्हता. जवळ गेले तर बाई उभी. पुरुषी निळा स्वेटर, गुडघे जरासे सैल, दोन्ही हात पुढं, मोठा रांजण कवेत धरावा तसे. तोंड पाण्याकडं. मेंढरांची लोकर तिच्या पायांना घासून जात होती आणि ती हलत नव्हती. आमचा कुत्रा वाघ्या एस.टी.वरसुद्धा भुंकतो. तो तिच्यापासून चार पावलांवर जाऊन गुमान बसला.

मी ओरडले, "कोण हाय?"

 मान न वळवता, शांत आवाजात ती म्हणाली, "उजवा खांदा खाली घे. कानाला चिकटलाय."

खांदा खरंच वर होता. तिनं मला पाहिलंच नव्हतं. मी शेरडं हाकत जी निघाले ती थेट शेरडं कोंडायच्या वाडग्यापर्यंत मागं बघितलं नाही.

पुढं ओळख झाल्यावर मी विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "तू ओरडलीस ना, त्या आवाजात खांदा होता." एवढंच स्पष्टीकरण. ते मला आजही पुरत नाही.

त्यांनी पाण्यावरच्या उतारावर दोन खोल्यांचं घर घेतलं होतं. परदेशात पंचवीस वर्षं नर्स होत्या. लग्न केलं नव्हतं. नाव विचारलं की म्हणायच्या, "सिस्टर म्हण, सवय आहे." तिथल्या वॉर्डाच्या मागं एक म्हातारा चिनी डॉक्टर रोज पहाटे असाच उभा राहायचा. त्याच्याकडून त्या हे शिकल्या. त्याला चीगाँग म्हणतात. आम्हाला ते उच्चारता येईना, आम्ही 'उभं राहणं' म्हणायचो. त्यांना तेच आवडलं.

शेरडं चरत असताना मीही त्यांच्याकडं शिकू लागले. शिकवायच्या मात्र अगदी साधं. गुडघा कधी ताठ लावायचा नाही. खांदे टांगलेल्या सदऱ्यासारखे सोडायचे. जिभेचं टोक वरच्या टाळूला. श्वास बेंबीखाली तीन बोटांवर न्यायचा, तोही ढकलून नाही, वाट करून दिली की तो आपण जातो. आणि कुठलाही ताण दहातल्या सातापर्यंतच. "दहापर्यंत गेलं की अंग घाबरतं आणि दार लावून घेतं. मग ठोठावत बसा."

सवयी विचित्र होत्या. उभ्या असताना त्यांच्या तोंडासमोरून कुणी गेलेलं चालत नसे. मागून कितीही जा. उभं राहण्याआधी चपला काढून वळवून ठेवायच्या, तोंडं घराकडं. परत निघाल्या की मागं बघायच्या नाहीत. आणि संपताना 'मिटून घ्यायच्या'. म्हणजे दोन्ही हात हळू आणत बेंबीवर एकावर एक ठेवायचे, तीन श्वास तसेच, मगच पाय उचलायचा. एकदा त्यांच्या घरात फोन वाजून वाजून थांबला. एकदा दूध उतू जाऊन शेगडी विझली. त्या मिटून घेतल्याशिवाय हलल्या नाहीत. मी चिडून म्हटलं, "सिस्टर, दूध गेलं ना सगळं."

"दूध उद्या येईल. उघडं टाकून येऊ नये."

"आलं तर काय होतं?"

"माझा म्हातारा सांगायचा, माणूस घरी येतो, पण थोडं तिथंच उभं राहतं." मग माझं तोंड बघून हसल्या. "मला काय माहीत? मी कधी करून बघितलं नाही."

गावाला हे सगळं पचणं शक्य नव्हतं. आमच्या शेजारच्या पारूआत्याची सून धुक्यात पाण्याला गेली आणि ही बाई बघून तापानं फणफणली. त्या पाण्याखाली जुनं गाव आहे. उन्हाळ्यात पाणी हटलं की भिंतींचे दगड वर येतात. पारूआत्या म्हणाली, "ती तितल्या मान्सांस्नी बोलावती. रोज हात पसरून हुबी ऱ्हाती, कवा ना कवा येनारच की कुनीतरी." तिनं सुनेवरून उतारा उतरवला आणि नेऊन ठेवला तो बरोबर सिस्टरच्या जागेवर. पत्रावळीवर दहीभात, उकडलेलं अंडं, टाचण्या टोचलेलं लिंबू, कुंकू.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेरडं घेऊन गेले तर सिस्टर खाली बसून दहीभात खात होत्या.

मी किंचाळले, "सिस्टर! उतारा आहे तो!"

"भात छान मऊ झालाय. मीठ मात्र विसरली." लिंबातल्या टाचण्या एकेक काढून त्यांनी रुमालाला लावल्या होत्या. त्या नंतर स्वतः पारूआत्याच्या दारात नेऊन दिल्या. "घ्या, कामाच्या असतात. आणि सुनेला ताप आहे तर पौडला न्या. मी येते बरोबर."  सून बरी झाली, औषधानं झाली, पण गावात बभ्रा झाला तो वेगळाच. उतारा खाऊन बाईला काही झालं नाही, म्हणजे बाई माणसातली नव्हे. त्या दिवसापासून लोक त्या सपाटीला वळसा घालून जाऊ लागले. मी चिडले तर आई म्हणाली, "तुला पुस्तकातलं कळतंय. जनावराला जिमिनीतलं कळतंय. तू बघ, आपली येकबी शेळी त्या जागंवर पाय देत न्हाई, बाई नसली तरी."

मी बघितलं नाही. बघायचं नव्हतं मला.

आबांना मी सिस्टरविषयी सांगितलं तेव्हा ते उखडले. "हात हालवायला मी काय शाळंतलं प्वार हाय? आन् ती उताऱ्याचं खानारी बाई माज्या खांद्याला हात लावनार?" मग एक दिवस सिस्टरच आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. खांद्याचं नावही काढलं नाही. म्हणाल्या, "मारुतीराव, तुम्ही शेरडांमागं दिवसभर उभे कसे राहता? मला दोन तासांवर जमत नाही. दाखवा जरा."

आबांना कुणी काही शिकवा म्हटलेलं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. ते उठले. डाव्या हातानं काठी घेतली, तिच्यावर किंचित रेलले, एक पाय सैल सोडला आणि उभे राहिले. नुसते उभे. आणि माझ्या पहिल्यांदाच लक्षात आलं की माझा बाप आणि ती बाई एकसारखे उभे राहतात.

"गुडघा ताठ का नाही?" सिस्टरनी विचारलं.

"ताठ ठिवला तर सांजच्याला घरी कोन न्हेईल?"

"श्वास?"

"त्यो त्याच्या वाटंनं जातुया. त्याच्यामागं कोन फिरंल? शेरडं कमी हायेत व्हय?"

सिस्टर माझ्याकडं वळून म्हणाल्या, "मला हे शिकायला पंचवीस वर्षं लागली." 

मग रोज सकाळी त्या शिकायला यायच्या आणि जाता जाता आबांकडून हात थोडा थोडा उलगडून घ्यायच्या. दहातल्या सातापर्यंत. आबांना ते लगेच पटलं. "करडाला येकदम पोटभर पाला घालत न्हाईत, तसंच की." हालचालींची चिनी नावं त्यांनी बाजूला ठेवली. वाडग्याचं फाटक उघडायचं, कोकरू उचलायचं, फांदी वाकवायची, अशी नावं दिली. दोन्ही हात वर नेण्याला आबांनी स्वतः नाव दिलं, 'हाक मारायची'. आमच्याकडं डोंगराच्या सोंडेवरून हाक पोचत नाही तेव्हा हात उंच करूनच खूण करतात. उजवा हात नाकापर्यंत यायचा आणि थांबायचा. सिस्टर म्हणायच्या, "आज एवढंच. हात तिथंच सोडून जाऊ नका, मिटून घ्या." आबा बेंबीवर हात ठेवून तीन श्वास घ्यायचे. पोट हलताना दिसू लागलं होतं.

सिस्टर अंगाला हात लावत नसत. तळवा दोन बोटं दूर धरायच्या. एकदाच त्यांना कोळवणच्या एका फार्महाऊसवर शहरातल्या लोकांना शिकवायला बोलावलं होतं, मीही गेले होते. पंधरा-वीस जण, भारी चटया, मागं बासरीची टेप. सिस्टरनी आधी टेप बंद करायला लावली. सगळ्यांना नुसतं उभं केलं. मग मागून फिरत एका तरण्याताठ्या पोराच्या पाठीमागं थांबल्या, तळवा दूर धरला आणि हळूच विचारलं, "इथं कोण बसलंय?"

तो पोरगा मटकन खाली बसला आणि हमसून रडायला लागला. कुणाचं तरी नाव घेत होता. सिस्टर त्याच्या शेजारी जमिनीवर बसून राहिल्या. परत येताना जीपमध्ये मी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?" त्या बाहेर भातखाचरांकडं बघत म्हणाल्या, "मला काहीच कळलं नाही. मी विचारलं फक्त." मग म्हणाल्या, "तू मात्र कुणाला असं विचारू नकोस. उत्तर आलं तर सोबत बसावं लागतं." परत बोलावणं आलं, त्या गेल्या नाहीत.

होळी झाली. पाडवा आठवड्यावर आला. भऱ्याचा व्यापारी येऊन शेरडांचे दात बघून गेला. आबा त्या दिवशी जेवले नाहीत.

पुढची सकाळ मला दर पावलासकट आठवते. मी वाडग्यात होते. एक करडू कुडावर चढून पलीकडं अडकलं आणि ओरडायला लागलं. आबा ओट्यावरून उठले, गेले, आणि हात वर घालून त्याला उचललं. उजवा हात. डोक्याच्याही वर. करडू छातीशी धरल्यावर त्यांना कळलं. ते माझ्याकडं बघत राहिले. मग करडू खाली ठेवून परत हात वर नेला, सरळ, आभाळात, आणि तसाच धरून म्हणाले, "रेखे, बाईला बोलीव. लवकर जा. हात खाली यील पुन्ना."

मी पळत सुटले. उतारावरूनच ओरडत गेले, "सिस्टर! हात आला! आबांचा हात आला!"

त्या पाण्याकडं तोंड करून उभ्या होत्या. मी तोंडासमोर जाऊन उभी राहिले, जे कधी करायचं नव्हतं. त्यांनी डोळे उघडले. एरवी त्या मला तीन श्वास थांबवायच्या. त्या दिवशी माझं तोंड बघून त्यांचा चेहरा एवढा फुलला की त्या तशाच निघाल्या. कवेतला रांजण तिथंच सोडून. साठी उलटलेली बाई, अनवाणी, माझ्या पुढं पळत होती.

आबा अजून हात वर धरून उभे होते. सिस्टर फाटकात थांबल्या, दोन्ही हात तोंडावर ठेवले. आबा म्हणाले, "बगा बाई. हाक माराया येती आता." आई रडत होती. चहा झाला, त्यात आईनं साखर घातली आणि सिस्टर प्यायल्या.

दुपारी त्यांची भाची गाडी घेऊन आली. दोन दिवसांच्या तपासणीला पुण्याला जायचं आधीच ठरलेलं होतं. गाडीत बसताना त्यांनी पायांकडं बघितलं. घरातले बूट घातले होते. "माझ्या चपला सपाटीवरच राहिल्या ग," म्हणाल्या. मग काहीतरी आठवल्यासारखं थांबल्या. पाण्याकडं बघितलं. "असू दे. आल्यावर बघू."

आठव्या दिवशी भाचीचा फोन आला. पुण्याला पोचल्या त्याच्या दुसऱ्याच पहाटे सिस्टर झोपेत गेल्या होत्या.

व्यापाऱ्याला आबांनी परत पाठवलं आणि शेरडांमागं जायला लागले. मी निम्मी खूश, निम्मी कशीतरी. वैशाखात एक दिवस आबा संध्याकाळी घरी आले आणि पाणी पिऊन म्हणाले, "जनावरं तितनं सरळ जाईनात."

मी म्हटलं, "सवय आहे. घंटीची शेळी वळसा घालते, बाकीची मागं जातात."

"घंटीची शेळी चार दिस वाडग्यात हाय. व्यालीया."

पुढच्या सकाळी मी बघायला गेले. धुकं नव्हतं, स्वच्छ ऊन. कळप उतारानं आला आणि सपाटीवर मधोमध फुटला. डावीकडून अर्धा, उजवीकडून अर्धा, मध्ये माणूस मावेल एवढी मोकळी जागा. तिथं चपला होत्या, तोंडं घराकडं. आमची शेरडं प्लास्टिकसुद्धा चघळतात. त्या चपलांना दात लागला नव्हता. सगळ्यात मागून एक करडू आलं, पाडव्यानंतर जन्मलेलं, त्यानं सिस्टरना कधी बघितलं नव्हतं. ते तिथं थांबलं. वास घेतला. मग मान वर करून बघितलं. चपलांकडं नाही. वर, माणसाचं तोंड असतं तिथं.

घरी आल्यावर मी काही बोलले नाही. आबाच बोलले. "तू बोलावलीस म्हनून बाई तशीच आली. मी बोलीव म्हनलो म्हनून तू गेलीस. शिकलीयस ना तू तिच्याकडनं? मग जा, मिटवून यी. बाईला घरी जाऊ दे."

मी ग्रॅज्युएट आहे. मला माहीत आहे की जनावरं खारट घामाचा वास महिनोन्महिने ओळखतात. मला हेही माहीत आहे की माझ्या हाकेमुळं एक बाई आयुष्यात पहिल्यांदा उघडं टाकून आली होती. मी गेले.

चपलांच्या जागेवर उभं राहायचा धीर झाला नाही. कुणाच्या जागेवर उभं राहणं बरं दिसत नाही. शेजारी उभी राहिले, हातभर अंतरावर, तोंड पाण्याकडं. पाणी खूप हटलं होतं. जुन्या गावाचे दगड उन्हात वाळत होते. गुडघे सैल, जीभ टाळूला. उजवा खांदा कानाला चिकटला होता. तो खाली गेला. मी नेला नव्हता.

मागून घंटी वाजत आली. आबांनी कळप सोडला होता. मी मान वळवली नाही. मेंढरांची लोकर डाव्या पोटरीला घासली, उजव्या पोटरीला घासली. माणूस उभं असलं की कळप दोन वाटांनी फुटतो. मी पुढं गेलेली जनावरं बघितली. ती तीन वाटांनी निघत होती. एक माझ्या उजवीकडून. एक खूप डावीकडून. आणि एक, एकेरी, अंग चोरून, माझ्या आणि डावीकडच्या मोकळ्या जागेच्या मधून.

मी हात हळू आणले. बेंबीवर एकावर एक ठेवले. तीन श्वास. पहिले दोन माझे मला ऐकू आले. तिसरा लांब होता, माझ्या छातीला झेपणार नाही एवढा.

मग मी वाकून चपला उचलल्या आणि निघाले. मागं बघितलं नाही. सिस्टरच्या घराला कुलूप होतं. उंबऱ्यापाशी चपला ठेवल्या, तोंडं दाराकडं, घरी आलेलं माणूस काढतं तशा.

घराला लागून वरच्या सोंडेवर आबा उभे होते, काठीवर रेलून. मला बघून त्यांनी उजवा हात वर केला. सरळ, आभाळात, पार दहापर्यंत. मीही हात केला. मग माझ्या लक्षात आलं की ते माझ्याकडं बघत नव्हते. त्यांची नजर माझ्या डावीकडं होती, हातभर अंतरावर, आणि ती दारापर्यंत गेली आणि तिथं थांबली. मग त्यांनी हात खाली आणला, सावकाश, आणि बेंबीवर ठेवला.